गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबावर आवळा, ग्रीन टी किंवा हळदीच्या गोळ्या चालतील का?

इंदूरला राहणाऱ्या आपल्या वहिनींचा रक्तदाब सहाव्या महिन्यात १४६/९४ निघाला आणि घरच्यांनी आवळ्याचा रस, ग्रीन टी व हळदीच्या अर्काच्या गोळ्या सुचवल्या, त्या द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. उपचार म्हणून देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून सहसा लघवीतून प्रथिनेही जाऊ लागतात त्या विकारात, वारेचा रक्तपुरवठा अपुरा पडतो, तेथे ऑक्सिडेशनचा ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त घटकांचा भार) वाढतो आणि वारेतून सुटणारे घटक आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. म्हणूनच हा ताण कमी करणाऱ्या आणि आवळा, ग्रीन टी व हळदीतही असणाऱ्या अँटिऑक्सिडंटांकडून मोठी आशा होती. परंतु ब्रिटनमध्ये धोका अधिक असलेल्या सुमारे २,४०० गर्भवतींवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊनही हा विकार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. हळदीतील कर्क्युमिनची गर्भवतींसाठी सुरक्षित मात्रा ठरलेली नाही, तर ग्रीन टी फोलेटच्या (बाळाच्या वाढीला लागणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाच्या) शोषणात अडथळा आणू शकतो. भाजीतली चिमूटभर हळद किंवा पानातला आवळा मात्र खुशाल असू द्यावा.

रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती चुकवू नये, आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी. सकाळी सैल असलेल्या बांगड्या संध्याकाळी मनगटात रुतू लागल्या, डोके सतत ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर उजाडण्याची वाट न पाहता त्यांना त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.