वाचकांचे प्रश्न: माजघरात वायफाय का पोचत नाही?

आमचं घर सावंतवाडीजवळ, भिंती चिऱ्याच्या. फायबरचं कनेक्शन ओटीवर आहे. माजघरात रेंजची एकच काडी दिसते, मागच्या पडवीत तीही नाही. दुकानदार रिपीटर घ्या म्हणतो. कपाटात एक जुना राउटर पडून आहे. त्याचा उपयोग होईल का?

होईल, आणि रिपीटरपेक्षा चांगला होईल. रिपीटर बिचारा भिंतीआड जेवढं पोचलं तेवढंच पुढे ढकलतो. त्यात साधा रिपीटर ऐकतो त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. चिऱ्याची भिंत जाड असते आणि पावसाळ्यात ती ओल धरते. अशा दोन भिंती पार करणं ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना फारच जड जातं. तेव्हा भिंत तारेने ओलांडायची आणि पलीकडे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं इंटरनेट नुसतं वायफायवर सोडणारं यंत्र म्हणून, लावायचा.

आधी मुख्य राउटरच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघून घ्या: त्याचा स्वतःचा आयपी पत्ता (समजा १९२.१६८.१.१) आणि डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपला आपोआप पत्ता देणारी सोय, कुठून कुठपर्यंत पत्ते वाटते ते (शेवटचा आकडा समजा १०० ते १९९). मग जुना राउटर एकटाच चालू करा, रिसेटच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा आणि लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेला) केबलने जोडा. यापुढे क्रम चुकवू नका. पहिल्यांदा वायफायचं नाव, पासवर्ड आणि ॲडमिनचा नवा पासवर्ड. मग राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, वाटपाच्या टप्प्याबाहेरचा असल्यामुळे तो दुसऱ्या कुणाला दिला जाणार नाही. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करून सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. हे आधीच बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही, सेटिंगचं पान उघडत नाही आणि बहुतेक जण इथेच राउटर बिघडला म्हणून सोडून देतात. डीएचसीपी चालू राहिलं तर उलटी गंमत होते: दोघेही पत्ते वाटू लागतात आणि घरातल्या निम्म्या फोनचं इंटरनेट मधूनमधून जातं.

आता मुख्य राउटरच्या लॅन पोर्टपासून केबल नेऊन जुन्याच्याही लॅन पोर्टमध्येच लावा. वॅन पोर्ट (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा) मोकळा ठेवा. केबल तिथे लावली तर आत वेगळंच नेटवर्क तयार होईल आणि माजघरातल्या फोनला ओटीवरचा टीव्ही दिसणार नाही. काही राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' तयार असतो. असेल तर तोच निवडा. त्यात वरचे बहुतेक सोपस्कार आपोआप होतात आणि वॅन पोर्टही चालतो.

दोन्हीकडे वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकच ठेवा. डब्ल्यूपीए२ मध्ये एईएस निवडा. टीकेआयपी राहिलं तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. चॅनल मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. ओटीवर १ आणि माजघरात ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० करण्याचा मोह टाळा.

माजघरात जाऊनही फोन ओटीच्याच राउटरला चिकटून राहिला तर दोष फोनचा. कुणाला धरायचं हे तोच ठरवतो. ओटीवरच्या राउटरची पॉवर 'मध्यम' केली की बहुधा सोडतो.

केबल कॅट-६ आणि शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरा धातू लगेच दिसतो. भिंतीला १० मिलिमीटरचं छिद्र पुरतं, कारण प्लग केबल पलीकडे गेल्यावर क्रिंप करायचा, म्हणजे पकडीने दाबून बसवायचा असतो. विजेच्या तारांच्या पाइपातून ही केबल नेऊ नका. ॲक्सेस पॉइंट डोक्याच्या वर लावा आणि लोखंडी कपाटापासून लांब ठेवा. सिग्नल मोजणारं ॲप असेल तर पडवीत उणे ६७ डीबीएमच्या आसपास आकडा आला की व्हिडिओ कॉल नीट चालेल. उणे ७५ आला तर राउटरची जागा बदला.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण दुसऱ्या खोलीतल्या ॲक्सेस पॉइंटवर कितीही वेळा मोजलं तरी ९४-९५ च्या पुढे जात नाही. कंपनी फसवते आहे का?

कंपनीला इतक्यात बोल लावू नका. ९४-९५ हा आकडा १०० एमबीपीएसच्या जोडणीचा आहे. एक तर त्या ॲक्सेस पॉइंटचे पोर्टच १०० चे असतील. तसं असेल तर इलाज नाही. नाहीतर प्लगमधली एखादी तार नीट बसलेली नाही. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. म्हणून उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली तरी काम चालू राहतं, फक्त हळू. दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिंप करा. रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागायला हवेत.

लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत दोन पाळ्यांत मिळून १२० मुलं येतात. सकाळी वायफाय छान चालतं. संध्याकाळी नव्या येणाऱ्यांच्या फोनवर 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' एवढंच दिसत राहतं. मोठा राउटर घ्यावा का?

थांबा, आधी डीएचसीपीचं पान उघडा. तिथे १०० ते १९९ असा टप्पा आणि २४ तासांची मुदत असेल, तर पत्तेच संपले आहेत. सकाळची मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात. टप्पा २० ते २५० करा आणि मुदत दोन तासांची. खर्च शून्य.

त्यानंतरही एका वेळी ६० फोन एकाच राउटरवर येणार असतील तर मोठ्या राउटरऐवजी छताला दोन ॲक्सेस पॉइंट लावा, वेगवेगळ्या चॅनलवर. पीओईवाले घेतले तर एकाच केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही जातात, छताशी प्लग पॉइंट काढावा लागत नाही. केबलमध्ये वीज सोडणारा इंजेक्टर किंवा स्विच मात्र ८०२.३एएफ प्रकारचाच घ्या. तो आधी समोरचं यंत्र ओळखतो, मगच वीज सोडतो. २४ व्होल्टचे 'पॅसिव्ह' इंजेक्टर काहीच न विचारता वीज सोडतात आणि चुकीच्या यंत्राला लागले की ते यंत्र गेलंच समजा. 'क्लायंट आयसोलेशन' चालू करा, म्हणजे मुलांचे फोन एकमेकांना दिसणार नाहीत.

शेजाऱ्यांनी वापरू नये म्हणून वायफायचं नाव लपवलं तर?

काही साधत नाही. लपवलेलं नाव साध्या मोफत ॲपलाही शोधता येतं. पासवर्ड लांब ठेवा, १५-१६ अक्षरांचा, आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा.

घरापासून ७० मीटरवर आंब्याच्या बागेतल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट आहे. केबल जमिनीखालून नेली आहे. तरी दोन वर्षांत दोनदा, तेही विजा झाल्यावर, दोन्हीकडचे पोर्ट जळाले.

७० मीटर अंतराची अडचण नाही, तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. पण जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो, आणि तो फरक तुमच्या केबलमधून वाट काढतो. केबल पुरल्याने हे थांबत नाही. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. सिंगल मोड फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलला फायबरशी जोडणाऱ्या पेट्या) लागतील. एकाच धाग्यावर चालणारे असतील तर एक ए आणि एक बी अशी जोडीच घ्या. दोन्ही ए आणले तर दिवा लागतच नाही.

घरोघरी येणाऱ्या फायबरच्या बऱ्याच केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते. ती तशीच घरात आणलीत तर विजेला नवी वाट मिळाली. बिनधातूची केबल मागा. नाही मिळाली तर ती तार भिंतीच्या बाहेरच कापून टाका. बागेतल्या खोलीच्या मेन स्विचला सर्ज प्रोटेक्टर आणि खरं अर्थिंग हवं, कारण उरलेला धोका विजेच्या लाइनमधून येतो.