रोबो उडी मारेना, गाणं वाजेना

प्रश्न : कॉलेजात असताना ‘मेकवॉरियर २’ हा रोबोंच्या लढाईचा गेम खेळायचो. त्याची डॉसची (विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीची) सीडी माळ्यावर सापडली. तिची आयएसओ फाइल (सीडीची एका फाइलीतली नक्कल) करून लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवली. संगीत वाजत नाही, उडीचं इंधन संपलं की परत भरत नाही, आणि भराभर मारा केला की रोबो मधेच बंद पडतो. लॅपटॉप बिघडलाय का?
– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे हो, उलट जरा जास्तच पळतोय.

आधी संगीत. १९९५ च्या या सीडीवर गाणी साध्या ऑडिओ ट्रॅकसारखी वेगळी ठेवलेली आहेत. आयएसओत नुसता डेटा उतरतो, गाणी सीडीवरच राहतात. बिन (सीडीवरचं सगळं) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी जोडफाइल करा आणि डॉसबॉक्सला क्यू फाइल दाखवा.

उडीचं दुखणं वेगाचं : गेम प्रमाणाबाहेर पळाला की इंधन भरतच नाही. सायकल्स (डॉसबॉक्समधलं वेगाचं सेटिंग) ‘ऑटो’वर असतील तर डॉसबॉक्स असल्या गेमला लॅपटॉपची सगळी ताकद देऊन मोकळा होतो. सायकल्सना ठरावीक आकडा द्या, मग कंट्रोल आणि एफ११ दाबत वेग उतरवा, एफ१२ नं चढवा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं.

आणि बंद पडणं? ती तर या गेमची खरी गंमत! लेझर मारला की उष्णता वाढते, हीट सिंक ती बाहेर टाकतात. हद्द ओलांडली की रोबो स्वतःच बंद होतो आणि समोरचा निवांत झोडपतो. हा हिशेब १९८४ च्या मूळ बोर्डगेममधून आलाय. तुम्ही कारखान्यांच्या उद्यमनगरातले; कूलंट बंद ठेवून लेथवर जाड कट घेता का कधी?

गेममधला ‘टिंबर वुल्फ’ हा रोबो ७५ टनांचा. वजन तेवढ्यातच बसवायचं, म्हणून मेकलॅबमध्ये (रोबोची हत्यारं बदलायची जागा) एखादी पीपीसी (कणांचा झोत मारणारी तोफ) काढा आणि त्या वजनात हीट सिंक भरा. (पीपीसी दिसते भारी, पण तापवते लई.) मला विचाराल तर ऑटोकॅनन ही गोळ्यांची तोफ बरी : तापत कमी, फक्त गोळ्या मोजून वापराव्या लागतात. आणि सगळी हत्यारं एकदम दाबायची हौस असेल, तर समोरचा शेवटच्या घटका मोजत असतानाच दाबा.