जुन्या गाडीचं अख्खं वायरिंग बदलायला 32 हजार सांगितलेत, करू की गाडीच विकून टाकू?

तुमची 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंड हँड 1 लाख 60 हजारांना घेतलेली, दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी डाउन, एसी लावला की हेडलाइट मंद, मधूनच मीटरमधले सगळे दिवे लुकलुकतात, नवी बॅटरी टाकूनही फरक नाही आणि आता इलेक्ट्रिशियन म्हणतोय अख्खं वायरिंग बदला. माझं स्पष्ट मत, आत्ता एक रुपया देऊ नका. आधी त्याला विचारा की मल्टिमीटर (व्होल्टेज-करंट मोजायचं यंत्र, पुढे नुसतं मीटर म्हणतोय) लावून काय काय मोजलं. व्होल्टेजचे आकडे सांगता आले तर पुढचं बोला, नुसतं "गाडी जुनी झाली साहेब" एवढंच असेल तर दुसरा माणूस बघा.

सगळे दिवे एकदम लुकलुकतात ना, मग पहिला संशय अर्थिंगवर घ्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी आणि इंजिनला जाणाऱ्या जोडणीवर. एकच लाइट किंवा एकच काच त्रास देत असेल तर दोष त्या सर्किटमध्ये असतो, पण सगळंच एकदम ढेपाळत असेल तर सगळ्यांना कॉमन असलेली जागा बघायची. आमच्या गाडीला हेच झालेलं, बॅटरी बदलून झाली होती आणि पुढे डायनामो (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) बदला म्हणून सांगितलं होतं. वडिलांच्या ओळखीचे एक जुने वायरमन आहेत, त्यांनी बॉनेट उघडून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. मीटरवर 1.1 आला. तिथे 0.2 व्होल्टच्या आसपास यायला हवं, म्हणजे एक व्होल्ट नुसता अर्थिंगमध्येच चालला होता. गिअरबॉक्सवरचा अर्थचा बोल्ट खोलला तर थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पांढरी भुकटी, आणि वायरचं आवरण कापलं तर आतली तांब्याची तार काळी पडलेली, बोटाने चुरली जात होती. बाहेरून बघितलं तर वायर एकदम चांगली. नवी अर्थ वायर टाकली, जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, वर व्हॅसलीन लावलं, मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं.

आणि हो, मीटरचा बीप वाजला म्हणजे वायर चांगली असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आत एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजतोच. खराबी कळते ती लोड टाकल्यावर, म्हणजे सेल्फ मारताना नाहीतर हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं चालू ठेवून.

मग चार्जिंग. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.5 हवं. सगळं चालू करून, रेस थोडी वाढवूनही 13 च्या खाली येत असेल तर डायनामोकडे वळा, पण तेव्हाही लगेच नवा घेऊ नका. त्यातले कार्बन, रेग्युलेटर, डायोड प्लेट, बेअरिंग हे सगळं सुटं मिळतं, पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. रिपेअर साधारण दीड ते तीन हजारात होतो, नवा ओरिजिनल त्याच्या कितीतरी पट. शिवाय डायोड लीक असेल तर उभ्या गाडीत बॅटरी त्यातूनच उतरते, म्हणजे बॅटरी उतरणं आणि दिवे मंद होणं, तुमच्या या दोन्ही तक्रारी एकाच जागेवरून येत असू शकतात.

उभ्या गाडीतला करंट असा बघतात: गाडी लॉक करून अर्धा तास सोडायची, मग बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये, म्हणजे निगेटिव्हची वायर काढून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये, पिन 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये. मीटर तसा असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही. 50 मिलिअँपिअरपर्यंत ठीक. 300 येत असेल तर दिवसाला सात अँपिअर-अवर गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते 35 ची, त्यात चार्जिंगही अर्धवट असेल तर नवी बॅटरी तरी काय करणार. मग एकेक फ्यूज काढत आकडा कुठे पडतो ते बघायचं. सेकंड हँड गाडीत मी सगळ्यात आधी आधीच्या मालकाने बाहेरून बसवलेला स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, जीपीएस हेच बघेन, कारण यांच्या वायरी बऱ्याचदा नुसत्या पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या असतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून 15 अँपिअरच्या जागी 30 चा टाकला असेल तर तो आजच्या आज काढा, तो फ्यूज उडण्याआधी वायर जळू शकते आणि गाडी पेट घेऊ शकते. स्टिअरिंगखालचे पिवळे कपलर (वायरी जोडायचे प्लग) एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू देऊ नका.

वायरिंग बदला हा सल्ला एका बाबतीत मात्र खरा असू शकतो, गाडी पाण्यात बुडालेली असेल तर. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याला पूर आला, जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, अशा वेळी पार्किंगमधल्या गाड्या बुडतात आणि धुऊन पुसून विकल्याही जातात. कार्पेट उचलून खाली गाळ आहे का बघा, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून डाग बघा, डॅशबोर्डखालचे दोन-तीन कपलर उघडा. पिना हिरव्या पडल्या असतील तर तुमच्या बजेटमध्ये ही गाडी धरून ठेवू नका, एकेक कपलर पुढे वर्षभर त्रास देत राहील. घेणाऱ्याला मात्र खरं सांगून विका.

तसं नसेल तर गाडी ठेवा. इलेक्ट्रिशियनला तपासणीचे वेगळे पाचशे-हजार आधीच कबूल करा, कारण त्याला पैसे फक्त पार्ट बदलल्यावर मिळणार असतील तर तो पार्टच बदलणार. 2027 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, आरसी रिन्यू करायची फी 2022 पासून 5 हजार आहे, वर पर्यावरण कर, तेही हिशोबात धरा. इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नका, साध्या पॉलिसीत असला झिजेचा बिघाड बसत नाही.

सेल्फ मारताना अर्थचा आणि सगळं चालू असताना चार्जिंगचा, हे दोन आकडे घेऊन इथे टाका, मग डायनामो खोलायचा की नाही ते सांगतो.