आजीच्या आयुष्यावर घरगुती पुस्तिका काढायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: आजी ९२ व्या वर्षी गेल्या, घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, वर्षश्राद्धाला नातेवाइकांना वाटायला २४ पानांची पुस्तिका हवी आहे. हाताशी तीन कागदांवरच्या तीन जन्मतारखा आहेत, आणि काकांनी लिहून दिलेलं अर्धं पान, त्यात 'प्रेमळ, मनमिळावू, पतिपरायण'.

ते अर्धं पान तूर्त बाजूला ठेवा. सुरुवात माहेरच्या नावापासून करा. लग्नात नाव बदलायची रीत असल्यामुळे घरात ज्या नावाने सगळे ओळखतात ते जन्मनोंदीत नसतं. सासरच्या नावाने नोंद शोधायला गेलात तर हेलपाटे होतील.

पोर्तुगीज काळातली जन्माची आणि लग्नाची नोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कचेरीत विचारा. जन्माच्या नोंदीसाठी तालुका माहेरचा धरायचा, सासरचा नव्हे. तिथे नसेल तर पणजीचं पुराभिलेख खातं. छोटा दाखला घेऊ नका, पूर्ण नोंदीची नक्कल मागा. आईवडिलांची नावं, गाव, समासातले शेरे त्यातच सापडतात. नोंद पोर्तुगीजमध्ये आणि वळणदार हस्ताक्षरात असते, वाचणारा माणूस सोबत न्या. नावांचं स्पेलिंगही त्यांच्या पद्धतीचं असतं. 'श' एक्सने लिहीत, त्यामुळे शांता, शारदा ही नावं एक्सखाली शोधायची. कामतचं कामोतिम होतं, प्रभूचं पोरोब.

आता तीन तारखांचं. एक बहुतेक नोंदणीची असते (जन्मानंतर सवडीने केलेली), एक शाळेत किंवा पुढे कुठल्या कार्डासाठी अंदाजाने सांगितलेली, आणि एक तिथीवरून काढलेली. तिथी घरात नीट आठवत असेल तर माझा कल तिथीकडे असतो, पण पुस्तिकेत तिथीवरची आणि नोंदणीची दोन्ही द्या. लग्नाच्याही दोन तारखा निघाल्या तर गोंधळू नका: मंडपातलं लग्न एका दिवशी, कचेरीतलं दुसऱ्या.

जिथे वर्ष लागत नाही तिथे मोठ्या घटनेला टेकवून विचारा. मडगावात लोहियांची सभा झाली ते १९४६, भारताने लावलेली आर्थिक नाकेबंदी १९५५ च्या सुमाराची, चलनात रुपिया जाऊन एस्कुदो आला १९५८-५९, मुक्ती १९ डिसेंबर १९६१, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही याचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७. 'थोरल्या काकांचा जन्म कधीचा?' याला उत्तर येत नाही. 'लष्कर आलं तेव्हा ते चालत होते की मांडीवर होते?' याला लगेच येतं.

आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे जमिनीचे कागद. गोव्याच्या नागरी कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, मालमत्ता नवराबायकोची समाईक. आजोबांनी भाट (नारळीची बाग) किंवा शेत विकलं असेल तर खतावर आजीची संमती लागलेलीच असणार. ही खतं वर्षांच्या क्रमाने लावा. एखाद्या घरात आधीच्या खतावर अंगठा आणि पुढच्यावर सही सापडते. मधल्या काळात बाई लिहायला शिकली, हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसतं.

मुलाखती घेताना 'आजी कशी होती?' विचारू नका, विशेषणंच मिळतील. चूल किती वाजता पेटायची? आजोबांना वाढल्यावर ती स्वतः कधी जेवायची, काय उरलेलं असायचं? पाडेली (नारळ पाडणारा) आला की नारळ मोजायला कोण उभं राहायचं, पैसे कुठल्या डब्यात जायचे? चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कांगले, घागऱ्यो ही रानफळं कुठल्या रानातून आणायची? 'पतिपरायण' या शब्दामागे नेमकं काय होतं ते अशा उत्तरांत दिसतं, कधी कधी तो शब्द खोडावाही लागतो. पहिली मुलाखत माहेरच्या हयात माणसाची घ्या, आणि सुनांना मुलांपासून वेगळं बसवून विचारा. मुलगे समोर असले की सुना गप्प बसतात.

पाककृती एकच द्या, पण नेमकी. समजा खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण). 'अंदाजाने' हा शब्द लिहायचा नाही. जिला तिच्या हातचं येतं तिला करायला लावा आणि प्रत्येक मूठ भांड्यात पडण्याआधी काट्यावर ठेवा. तेफळं (तिरफळं) किती, त्यातल्या काळ्या बिया काढायच्या की नाही (काढायच्या, कडवट लागतात आणि दाताखाली कचकचतात), कुठल्या क्षणी टाकायची, हेही टिपा. तिची आदोळी (विळी) अजून स्वयंपाकघरात असेल तर तिचा फोटो घ्या. झिजलेली पात दिसली पाहिजे, म्हणून उजेड खिडकीतून तिरका येऊ द्या.

जुने फोटो पावसाळ्यात काढूच नका, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हात लावा. पांढरी बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर वरचा थर फुगून चेहरा निघून येतो. चिकट पानाच्या अल्बमात अडकलेला फोटो ओढू नका, वरची पारदर्शक झडप उचलून जागेवरच कॅमेऱ्याने टिपा. सुटे छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने.

छपाईचं सोपं आहे. मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, तुमची २४ बसतात. १५ पानं मजकूर धरला तर साडेतीन हजार शब्द पुरतात. टाइप १३ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे निम्मे सत्तरीचे असणार. 'पश्चात पुत्र, कन्या, स्नुषा, जावई, नातवंडे' हा भाग मुखपृष्ठाआतल्या वंशवृक्षात घाला. सुनांची आणि जावयांची पूर्ण नावं दोनदा तपासा, वर्षश्राद्धाच्या दिवशी भांडण लागतं ते तिथेच. शेवटचं प्रूफ छापखान्यात जाण्याआधी आठवडाभर माहेरी पाठवा.