निरनिराळ्या प्रांतांतील मुले एकाच वर्गात असतील, तर त्यांना परस्परांशी नीट संवाद साधायला कसे शिकवावे?

सातवीच्या वर्गात पाच-सहा मातृभाषांची मुले असून ती आपापले घोळके सोडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. मी नवी मुंबईतील घणसोली परिसरातील एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो, तेव्हा अनुभवावरून सांगतो. वेशभूषा स्पर्धा आणि खाद्यमहोत्सव यांवर फार भिस्त ठेवू नये. त्यांतून एकमेकांचे पोशाख कळतात, बोलणे कळत नाही.

माझ्या वर्गातले एक मोठे भांडण एका सर्वनामावरून झाले. मराठी मूल आईला 'तू' म्हणते आणि त्यात मायाच असते. उत्तर प्रदेश-बिहारकडील अनेक घरांत मात्र आईवडिलांना 'आप' म्हणतात, आणि जेमतेम ओळखीच्या मुलाने 'तू' म्हटले की तो पाणउतारा वाटतो. एका मराठी मुलाने हिंदी बोलताना सहज 'तू' वापरले आणि प्रकरण हातघाईवर आले. मी प्रथम दोघांनाही वर्गाबाहेर उभे केले, ही माझी चूक होती. दुसऱ्या दिवशी पूर्ण तासिका खर्च करून, घरी कोणाला काय म्हणतात याचा तक्ता मुलांकडूनच फळ्यावर भरून घेतला. बंगाली मुलीच्या घरी आईला 'तुमी', तर मराठी घरांतही वडिलांना कोणी 'अरे' तर कोणी 'अहो' म्हणणारे निघाले. ओघाने 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक निघाला. हिंदीतल्या 'हम'मध्ये तो दिसत नसल्याने काही मुले गोंधळली. तमिळमध्ये मात्र तसाच भेद असल्याने तो त्यांना एका तमिळ मुलीने समजावला, मला बोलावेच लागले नाही.

दुसरा उपाय गटकार्याचा. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे, गोरी-काळी मुले नुकतीच एकत्र बसू लागलेल्या वर्गांत, 'जिगसॉ' पद्धत वापरली. गटातील प्रत्येकाला धड्याचा एकेक वेगळा तुकडा मिळतो, त्यामुळे इतरांचे ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. मी यासाठी नवी मुंबईचाच विषय घेतो : १९७० साली स्थापन झालेली सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था आणि ९५ गावांचे भूसंपादन, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, वाशीच्या घाऊक बाजारातील सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार. एरवी 'डोळा'ऐवजी 'डोला' म्हटल्यावर हसू होईल म्हणून गप्प बसणारी येथल्या मूळच्या आगरी समाजातील मुले येथे आजोबांच्या शेतीविषयी सांगू लागतात. नियम एवढाच, की ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि सांगणाऱ्याने 'हो, हेच' म्हटल्यावरच पुढे जायचे. गटात घरची भाषा चालते. वर्गासमोर मांडणी मात्र शाळेच्या माध्यमात.

'तुमच्या बिहारमध्ये असे का करतात?' हा प्रश्न मुलाला विचारू नये. त्याच्या घरी काय करतात ते विचारावे, कारण साऱ्या प्रांताची वकिली त्याच्या गळ्यात घालण्याचे कारण नाही. गट निदान महिनाभर तरी बदलू नयेत. पहिले दोन आठवडे गोंगाटच अधिक होईल आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. ती निमूटपणे ऐकून घ्यावी.