बगदाद घ्यायला किती, राखायला किती?

प्रश्न : २००३ मध्ये अमेरिकेने सुमारे दीड लाख सैनिकांच्या बळावर तीन आठवड्यांत बगदाद घेतलं. मग २००७ मध्ये इराकमधली संख्या १ लाख ७० हजारांच्या आसपास का न्यावी लागली? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : चढाईत फौज पुढे सरकत जाते. ताबा म्हटला की पूल, पंप, नाकी, सगळीकडे चोवीस तास माणूस उभा लागतो. हजार लोकांमागे वीस जवान, असा ढोबळ आडाखा आहे. आमच्या ठाण्याला लावून बघा : २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १८ लाखांवर, म्हणजे ३६ हजार जवान! त्यातही कोपरी पुलावर रात्री उभा राहणारा वेगळा, झोपलेला वेगळा, रजेवरचा वेगळा. वर त्यांचं रेशन-डिझेल पोचवणारे. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा; आम्हाला कुणी लढणाऱ्यांत धरत नाही, पण ट्रक चुकला की दुपारपर्यंत सगळ्यांना आमची आठवण येते.

इराक तेव्हा अडीच कोटींचा. करा हिशेब : पाच लाख. अमेरिकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल शिन्सेकींनी फेब्रुवारी २००३ मध्येच सिनेटच्या समितीला सांगितलं होतं, काही लाख लागतील. संरक्षण खात्यातल्या वुल्फोविट्झसाहेबांनी दोन दिवसांत ते उडवून लावलं.