वाचकांचे प्रश्न : थिसिसविना मास्टर्स

संगणकशास्त्रातल्या कोर्सवर्क मास्टर्सविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कोर्सवर्कचा पर्याय घेतला तर पुढे पीएचडीचा रस्ता बंद होतो का?

बंद होत नाही, चढ मात्र वाढतो. ३० क्रेडिटच्या पदवीत साधारणपणे तीन-तीन क्रेडिटचे १० विषय असतात. थिसिस घेणाऱ्याचे त्यातले बहुधा दोन विषय कमी होतात आणि त्या जागी प्रबंध येतो. कागदावर फरक एवढाच. पण पीएचडीच्या प्रवेश समितीला तुमच्याबरोबर संशोधनाचं काम केलेल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र हवं असतं, आणि ‘माझ्या वर्गात पहिला आला’ एवढ्यावर ते पत्र उभं राहत नाही. तेव्हा पहिल्या सत्रात ज्या विषयात जीव रमला, त्याच प्राध्यापकांकडे दुसऱ्या सत्रात स्वतंत्र अभ्यासाचे ३ क्रेडिट मागा. थिसिसकडे वळायची मुदत कधी संपते, हेही प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

प्रश्न : एका ठिकाणी १८० क्रेडिट, दुसरीकडे १२०. कुठला अभ्यासक्रम जड?

क्रेडिटचे आकडे समोरासमोर ठेवून काही कळणार नाही, त्यांचे तास करा. ब्रिटनमध्ये १ क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम, म्हणजे १८० क्रेडिटचा एक वर्षाचा एमएससी १८०० तासांचा. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत १ क्रेडिट २५ ते ३० तासांचं, त्यामुळे १२० क्रेडिटचे ३००० ते ३६०० तास, पण दोन वर्षांत. वर्षाला भार जवळपास सारखाच पडतो. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात उन्हाळ्याची सुट्टी मिळत नाही, एवढं ध्यानात घ्या.

प्रश्न : माझी पदवी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या शाखेची आहे. पायथन येतं. सत्र सुरू व्हायला तीन महिने आहेत. काय शिकून ठेवू?

पायथनमधले आणखी धडे नकोत. मेमरी कशी मिळते, कधी सुटते, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकला की काय होतं, या गोष्टी पायथन झाकून ठेवतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा कोर्स पहिल्या आठवड्यापासून त्याच विचारतो. म्हणून सी ही भाषा शिका. आणि शिकलात की नाही हे तपासायला एकच काम करा : तयार लायब्ररी न वापरता हॅश टेबल लिहा. म्हणजे प्रत्येक ‘की’वरून (जिच्यावरून नोंद शोधायची ती) एक आकडा काढायचा, त्याला ॲरेच्या आकाराने भागायचं आणि उरलेल्या बाकीच्या नंबरच्या खणात ती ठेवायची.

की म्हणून स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, घ्या. दोन कींचा खण एकच निघाला, म्हणजे टक्कर झाली, की पुढचा रिकामा खण शोधायचा, म्हणजे लिनिअर प्रोबिंग. टेबल ७० टक्के भरलं की ॲरे दुप्पट करायचा. मग १० लाख स्ट्रिंग घाला, निम्म्या काढून टाका आणि उरलेल्या सगळ्या सापडतात का ते बघा. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या सापडत नाहीत. समजा, ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ या तिन्हींची जागा ७ नंबरच्या खणात निघाली. त्या ७, ८ आणि ९ मध्ये बसल्या. आता ‘ब’ काढताना तुम्ही ८ नंबरचा खण रिकामा केलात. पुढे ‘क’ शोधायला गेलात तर ७ मध्ये ‘अ’, ८ रिकामा, शोध थांबला. उत्तर आलं ‘नाही’, आणि ‘क’ तर ९ मध्ये बसलेली आहे. म्हणून काढलेल्या खणावर ‘पुसलेला’ अशी खूण ठेवावी लागते. शोध तिच्यावरून पुढे जातो, नवी की मात्र तिथे बसू शकते. यातही खाच आहे. टेबल किती भरलं हे मोजताना पुसलेले खण धरले नाहीत, तर एक दिवस खरोखर रिकामा खण उरतच नाही आणि नसलेली की शोधणारा लूप फिरतच राहतो. दुप्पट करताना जुने खण जसेच्या तसे उचलूनही चालत नाही. भागाकार नव्या आकाराने होतो, म्हणून प्रत्येक की नव्याने बसवायची आणि पुसलेल्या खुणा मागेच सोडायच्या.

कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर चालू ठेवा. सोडून दिलेली मेमरी वाचलीत तर तो नेमकी ओळ दाखवतो. हे सगळं दोन शनिवार-रविवारांत जमलं तर तयारी ठीक आहे. महिना लागला, तर पहिल्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्सचा ब्रिज कोर्स घ्या, त्यात कमीपणा नाही. उरलेला वेळ गणिताला : इंडक्शनने सिद्धता, एक्स्पेक्टेशनपर्यंतची संभाव्यता, आणि मशीन लर्निंग घेणार असाल तर मॅट्रिक्स आणि आयगेनव्हेक्टर.

प्रश्न : पूर्णवेळ नोकरी सांभाळून या सत्रात ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (अनेक संगणकांनी मिळून चालणाऱ्या प्रणाली) हे दोन विषय घेतले आहेत. जमेल का?

नोकरीसोबत ही जोडी घेऊ नका. लॅबच्या आठवड्यात यातला एकेक विषय १५ ते २० तास सहज खातो, आणि दोन्हींच्या मोठ्या लॅब सत्राच्या मध्यावर एकाच वेळी येतात. एक लॅबचा विषय आणि एक लेखी सिद्धतांचा, अशी जोडी लावा. ऑपरेटिंग सिस्टिम्स आधी करा. थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) तिथे हाताखालून गेले की डिस्ट्रिब्युटेडमधल्या निम्म्या चुका टळतात. विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी पहिली असाइनमेंट पूर्ण करून टाका, मग ती जमा करायची तारीख कितीही पुढची असो. विषय झेपणार की नाही, हे तिच्याइतकं खरं दुसरं काही सांगत नाही.

डिस्ट्रिब्युटेडमध्ये बहुतेक ठिकाणी रॅफ्ट लिहायला लावतात. त्यात अनेक सर्व्हर मतं देऊन एक लीडर निवडतात आणि सगळ्यांकडचा लॉग, म्हणजे नोंदींची यादी, सारखा ठेवतात. २०१४ मधल्या शोधनिबंधातला हा अल्गोरिदम वाचायला सोपा आहे, आणि तिथेच मुलं फसतात. कोड दोन दिवसांत होतो, टेस्ट एकदा पास होते आणि पन्नासदा चालवली की त्यातल्या तीनदा पडते. बहुतेकदा कारण पुढच्या तिघांपैकी एक असतं.

एक, कुठलाही संदेश आला की निवडणुकीचा टायमर नव्याने सुरू केलेला असतो. तो चालू टर्मच्या (दर निवडणुकीला वाढणाऱ्या क्रमांकाच्या) लीडरचा संदेश आला, तुम्ही कुणाला मत दिलं किंवा स्वतः निवडणूक सुरू केली, एवढ्याच वेळी नव्याने सुरू व्हायला हवा. नाहीतर ज्याचा लॉग मागे पडलाय असा उमेदवार मतं मागत राहतो, बाकीचे नकार देऊनही आपला टायमर पुढे ढकलत बसतात आणि बराच वेळ लीडरच मिळत नाही. दोन, उत्तर येईपर्यंत तुमची टर्म बदललेली असते आणि तुम्ही ते जुनं उत्तर खरं धरता. विनंती पाठवतानाची टर्म आणि आत्ताची टर्म सारखी नसेल, तर उत्तर फेकून द्या. तीन, लॉक हातात धरून दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहिली जाते. तोही तसाच तुमच्या उत्तरासाठी लॉक धरून बसला की दोघंही जागच्या जागी.

चूक शोधण्यासाठी प्रोग्रॅम जी ओळ छापतो, त्या प्रत्येक ओळीत वेळ, सर्व्हरचा नंबर आणि टर्म छापा. टेस्ट रात्रभर लूपमध्ये लावा आणि ५०० फेऱ्या निर्विघ्न पार पडल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका. यासाठीच जमा करण्याच्या आदल्या रात्री सुरुवात करून भागत नाही : कोड लिहायला वेळ पुरतो, चूक पुन्हा घडवून आणायला पुरत नाही.

प्रश्न : अल्गोरिदमच्या गृहपाठात पैकीच्या पैकी मिळतात, परीक्षेत निम्मे. शिवाय मित्राबरोबर चर्चा करून लिहिलेला प्रोग्रॅम नक्कल म्हणून धरला गेला. नेमकं कुठे चुकतंय?

दोन्हीकडे चूक एकच : पहिलं पाऊल तुमचं नसतं. गटात बसलं की ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग लाव’ (म्हणजे छोट्या उपप्रश्नांच्या उत्तरांतून मोठं उत्तर बांध) असं कुणीतरी म्हणतं आणि पुढचं तुम्ही नीट लिहिता. परीक्षेत ते म्हणणारं कुणी नसतं. आधी उपप्रश्न पूर्ण वाक्यात लिहायची सवय लावा. सर्वांत लांब चढती उपमालिका घ्या, म्हणजे दिलेल्या आकड्यांतून क्रम न बदलता निवडलेले जास्तीत जास्त चढते आकडे. ‘पहिल्या आय घटकांतलं उत्तर’ अशी व्याख्या केलीत तर पुढचा घटक जोडायचा की नाही हे ठरवताच येत नाही, कारण मालिका कोणत्या घटकावर संपली हे माहीत नाही. ‘आय या घटकावरच संपणारी’ असं म्हटलं की रिकरन्स, म्हणजे आधीच्या उत्तरांवरून पुढचं काढायचं सूत्र, आपोआप सुटतो. मात्र अंतिम उत्तर मग शेवटच्या खणात नसून सगळ्या खणांतल्या कमाल आकड्यात असतं. ते लिहायचं राहतं आणि गुण जातात. एनपी-कम्प्लीटनेसमध्ये, म्हणजे आपला प्रश्न कठीण आहे हे दाखवताना, दिशा उलटी होते : ज्ञात कठीण प्रश्नाचं रूपांतर तुमच्या प्रश्नात करायचं असतं.

नक्कल पकडायला पुष्कळ ठिकाणी मॉस हा कोडमधलं साम्य शोधणारा प्रोग्रॅम वापरतात. तो व्हेरिएबलची नावं, मोकळ्या जागा, टिपा यांकडे बघतच नाही. उरलेल्या मजकुराच्या छोट्या तुकड्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले आकडे) काढून त्यातले निवडक जुळवतो, त्यामुळे नावं बदलून किंवा फंक्शन वर-खाली हलवून फरक पडत नाही. शेवटचा निर्णय प्राध्यापक दोन्ही कोड शेजारी ठेवून घेतात. चर्चा फळ्यावर करा, फोटो काढू नका, फळा पुसा, तासभर दुसरं काही करा आणि मग एकट्याने लिहा. फळ्यावरचं आठवत नसेल तर ते समजलेलं नव्हतं. कुणाशी बोललात त्याचं नाव फाइलच्या वरच टाका आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) अर्ध्या-अर्ध्या तासाने कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करत जा. चौकशी झालीच, तर चुकत-दुरुस्त करत वाढलेला कोड दाखवता येतो. एकाच कमिटमध्ये आलेल्या ४०० ओळींबद्दल मात्र बरंच समजावून सांगावं लागतं.